चार्टर हायस्कूलला हात देणाऱ्यांचा सत्कार कसा करावा: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी पायरीपायरीने

माझ्या मुलीच्या हायस्कूलसमोर, रस्त्यापलीकडे, एक लॉन्ड्री आहे. शाळा साडेतीनला सुटते. ज्यांचे आईवडील दोन-दोन पाळ्या करतात ती मुलं सहापर्यंत कुठे बसणार, याचा विचार शाळा सुरू झाली तेव्हा कोणीच केला नव्हता. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी कपड्यांच्या घड्या घालायच्या लांब टेबलाचं एक टोक मोकळं केलं, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवला आणि मुलांना बसू दिलं. अशी सात वर्षं गेली. शाळेने पहिल्यांदा आपल्या पाठीराख्यांचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा यादीत एक बँक मॅनेजर, एक नगरसेवक आणि दोन मोठे देणगीदार होते. यादी पालक समितीपुढे आली तेव्हा अकरावीतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "आणि समोरच्या लॉन्ड्रीतल्या बाई?"

त्या प्रश्नानंतर हे काम मी अंगावर घेतलं आणि तीन वर्षं केलं. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, त्यामुळे पुढचे नियम मुख्यतः तिथले आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर क्रम हाच ठेवा, कायद्याच्या गोष्टी मात्र शाळेच्या ऑफिसात विचारून घ्या.

आधी शाळा समजून घ्या

महाराष्ट्र मंडळाच्या गप्पांमध्ये चार्टर शाळा म्हणजे खासगी शाळा असं अजूनही ऐकू येतं. तसं नाही. ती सार्वजनिक शाळा असते. फी नसते, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते. दर विद्यार्थ्यामागे सरकारी पैसा येतो. चार्टर म्हणजे सनद. शाळा चालवणारी संस्था आणि तिला मंजुरी देणारी यंत्रणा यांच्यातला हा मुदतीचा करार असतो. कॅलिफोर्नियात नव्या शाळेला सनद जास्तीत जास्त पाच वर्षांची मिळते, मग नूतनीकरणासाठी कामगिरी दाखवावी लागते. शाळेला दैनंदिन कारभारात मोकळीक असते, पण काम नीट झालं नाही तर सनद जाऊ शकते.

ही कल्पना मांडली मॅसॅच्युसेट्सचे प्राध्यापक रे बडी यांनी. १९८८ साली शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी ती देशापुढे नेली. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये सिटी अकॅडमी ही पहिली चार्टर शाळा उघडली. ती हायस्कूलच होती, शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलांसाठी. १९९२ मध्येच कॅलिफोर्नियाने देशातला दुसरा कायदा केला. आज देशभरात सुमारे ३७ लाख मुलं चार्टर शाळांत शिकतात.

आता या शाळांना बाहेरच्या माणसांची इतकी गरज का पडते ते पाहा. नेहमीचं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या इतर सार्वजनिक शाळा चालवणारी यंत्रणा, इमारतीसाठी मतदारांकडून रोखे मंजूर करून घेतं आणि मालमत्ता करातून ते फेडतं. चार्टर शाळेला हा रस्ता सहसा मोकळा नसतो. म्हणून अशा शाळा चर्चच्या हॉलमध्ये, बंद पडलेल्या दुकानात, जुन्या गोदामात सुरू झालेल्या दिसतात. कॅलिफोर्नियात २००० सालच्या प्रपोझिशन ३९ प्रमाणे डिस्ट्रिक्टने चार्टरमधल्या आपल्या भागातल्या मुलांना इतरांसारखीच जागा द्यायला हवी, पण तो अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो. प्राथमिक शाळा चार खोल्यांत निभावते. हायस्कूलला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लागते, जिम लागतं, मैदान लागतं, अकरावी-बारावीच्या मुलांना इंटर्नशिप लागते, कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात जागा लागते. हे सगळं शेजारपाजारच्या माणसांकडून उभं राहतं.

आपल्याला हे परकं वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शाळा लोकांच्या आधारावर उभी राहते हे आपण आजी-आजोबांकडून ऐकत आलो आहोत.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. चार्टर शाळांबद्दल अमेरिकेत खरा आणि गंभीर मतभेद आहे. मुलं आणि त्यांच्यासोबतचा पैसा डिस्ट्रिक्टच्या शाळांतून निघून जातो, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. स्वतः शँकर पुढे या चळवळीचे टीकाकार झाले. एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेने २०१६ साली नव्या चार्टर शाळा थांबवण्याची मागणी केली. तुमच्या सत्कारमूर्तींपैकी कोणाची बहीण डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिकवत असेल. म्हणून व्यासपीठावरून "त्या शाळा आणि आपली शाळा" अशी तुलना एकदाही होऊ देऊ नका. वक्त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पहिली पायरी: नावं कुठून आणायची

संचालक मंडळाला नावं विचारली तर देणगीदारांची नावं येतात, कारण त्यांना तीच माहीत असतात. म्हणून सुरुवात ऑफिसच्या खिडकीपासून करा. फ्रंट ऑफिसमध्ये बसणारी बाई, रात्री झाडलोट करणारे काका, समुपदेशक, बसचालक, कोच या पाच जणांना प्रत्यक्ष भेटून विचारा, "या वर्षी शाळेबाहेरचं कोण आपल्या मुलांसाठी धावून आलं?" आमच्या यादीतली सर्वांत चांगली नावं अशीच मिळाली. त्यानंतर मुलांसाठी आणि पालकांसाठी एका पानाचा फॉर्म काढा. फॉर्म इंग्रजीत हवा आणि शाळेत ज्या भाषा बोलल्या जातात त्यांतही हवा. त्यात तीनच प्रश्न ठेवा: या व्यक्तीने नेमकं काय केलं, किती काळ केलं, आणि ते केलं नसतं तर काय अडलं असतं. तिसरा प्रश्न गाळू नका. नुसतं गोड बोलणारा माणूस आणि खरोखर भार उचलणारा माणूस यांतला फरक त्याच उत्तरात दिसतो.

निवड समिती पाच जणांची पुरे: दोन विद्यार्थी, एक शिक्षक, एक पालक, एक कर्मचारी. विद्यार्थ्यांना खरं मत द्या, केवळ शोभेला बसवू नका. सत्कारमूर्ती तीन किंवा चार. सहाच्या वर गेलात की कोणाबद्दलच काही सांगून होत नाही आणि शेवटच्या दोघांच्या वेळी खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात.

आपल्या लोकांबद्दल एक सांगते. महाराष्ट्र मंडळातले कोणी शनिवारी येऊन मुलांना गणित शिकवत असतील तर त्यांचं नाव जरूर सुचवा. पण सत्काराची धुरा तुमच्याकडे आहे म्हणून यादीत दोन मराठी नावं बसवलीत, तर शाळेतल्या बाकीच्या पालकांच्या ते लगेच लक्षात येतं.

काही नावांवर थांबून विचार करायला हवा. संचालक मंडळाच्या सदस्यांचा सत्कार याच समारंभात करू नका, त्यांचे आभार वेगळे माना. शाळेशी कंत्राट असलेल्या धंदेवाल्याचं नाव आलं आणि त्याच वर्षी कंत्राट पुन्हा निघणार असेल, तर ते नाव पुढच्या वर्षी ठेवा. कॅलिफोर्नियात २०१९ च्या एसबी १२६ या कायद्यानंतर चार्टर शाळांच्या मंडळांना हितसंबंधांचे, उघड सभांचे आणि कागदपत्रांचे तेच नियम लागू आहेत जे इतर सार्वजनिक संस्थांना आहेत. जे मुलांबरोबर नियमित काम करतात त्यांची बोटांचे ठसे देऊन होणारी पार्श्वभूमी तपासणी झालेली आहे ना, हे ऑफिसात विचारून घ्या. हे विचारण्यात अविश्वास नाही, मुलांची जबाबदारी आहे.

राजकीय व्यक्तींबद्दल जास्त जपा. चार्टर शाळा चालवणाऱ्या संस्था बहुतेक करून करमुक्त सेवाभावी संस्था असतात आणि अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला कायद्याने पूर्ण मनाई आहे. नगरसेवकाने खरोखर काम केलं असेल, समजा शाळेसमोर पादचाऱ्यांचा सिग्नल बसवून घेतला असेल, तर सत्कार करा. पण निवडणुकीच्या आधीच्या महिन्यांत नको.

दुसरी पायरी: होकार घ्या

परस्पर नाव जाहीर करून धक्का देण्याचा मोह टाळा. काहींना लोकांसमोर उभं राहणं नको असतं. काही जण आपली मदत गुप्त ठेवू इच्छितात. लॉन्ड्रीतल्या बाईंनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं. मुलांनी जाऊन त्यांना बोलावलं तेव्हा त्या तयार झाल्या, आणि अट घातली की भाषण करणार नाही. ती अट आम्ही पाळली.

होकार घेताना नावाचं अचूक स्पेलिंग आणि उच्चार विचारा. उच्चार फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या. आपल्यापैकी प्रत्येकाचं आडनाव या देशात कुठेतरी मोडलं गेलं आहे. तेव्हा सत्काराच्या क्षणी दुसऱ्याचं नाव मोडणं किती लागतं हे आपल्याला सांगायला नको.

तिसरी पायरी: तारीख

दहा आठवडे हाताशी ठेवा. मे महिन्यात राष्ट्रीय चार्टर स्कूल सप्ताह असतो, म्हणून अनेक शाळांना तेव्हाच सत्कार करावासा वाटतो. हायस्कूलसाठी तो काळ वाईट आहे, कारण मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा असतात. ज्या मुलांनी सूत्रसंचालन करायचं, मानपत्र वाचायचं, तीच मुलं तेव्हा परीक्षेत असतात. मार्चचा मध्य किंवा स्प्रिंग ब्रेकनंतरचा एप्रिल बरा. रमजान, पासओव्हर, गुड फ्रायडे यांच्या तारखा पाहून घ्या.

जागा डिस्ट्रिक्टच्या मालकीची असेल तर संध्याकाळच्या वापरासाठी परवाना आणि विम्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून अर्ज आधी टाका. संचालक मंडळाने खर्चाला किंवा एखाद्या खोलीला नाव देण्याला मंजुरी द्यायची असेल, तर तो विषय नियमित सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हवा आणि ती पत्रिका सभेच्या ७२ तास आधी लावलेली हवी. समारंभाला मंडळाचे सगळे सदस्य आले तरी हरकत नाही, मात्र तिथे कोपऱ्यात उभं राहून त्यांनी शाळेच्या कारभाराची चर्चा करू नये. उघड सभांच्या नियमांतून सत्कार समारंभाला मिळणारी सूट तेवढ्याने जाते.

चौथी पायरी: पैसे आणि पावत्या

हा भाग रुक्ष आहे, पण पहिल्या वर्षी आमची चूक इथेच झाली.

विद्यार्थ्यांसाठी आलेला सरकारी पैसा हारतुरे आणि जेवणावर खर्च करू नका. सार्वजनिक निधी भेट म्हणून द्यायला कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच मनाई आहे. खर्च पालक संघटनेच्या निधीतून किंवा याच कामासाठी मिळालेल्या देणगीतून करा. आमचा सगळा कार्यक्रम पालकांनी घरून आणलेल्या पदार्थांवर आणि छापखान्याच्या एका बिलावर झाला.

तिकीट लावणार असाल तर आयकर खात्याचा एक नियम लक्षात ठेवा. दिलेली रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल आणि बदल्यात जेवण मिळत असेल, तर त्यातला किती भाग देणगी आहे हे संस्थेने लेखी कळवायला हवं. तिकीट १०० डॉलरचं आणि जेवणाची किंमत ४० डॉलर असेल, तर वजावटीला धरायची देणगी ६० डॉलर. एकाच वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला पोचपावती लागते. तिच्यात रक्कम हवी आणि बदल्यात काही दिलं की नाही याचं स्पष्ट वाक्य हवं. ते वाक्य नसेल तर देणगीदाराची वजावट नाकारली जाऊ शकते.

वस्तू दिलेल्यांच्या पावतीवर वस्तूचं वर्णन लिहा, किंमत लिहू नका. किंमत ठरवणं देणाऱ्याचं काम आहे. आम्ही जुन्या लेथ मशीनच्या पावतीवर अंदाजाने आकडा टाकला होता आणि नंतर पत्र परत घेऊन नवं द्यावं लागलं. वेळेची किंमत वजावटीत धरता येत नाही, हेही काहींना माहीत नसतं. मात्र सेवेसाठी स्वतःच्या गाडीने केलेला प्रवास मैलाला १४ सेंट या दराने धरता येतो. सत्कारमूर्तींना हे सांगितलंत तर त्यांना उपयोग होतो. आणखी एक: अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम वर घालतात, काही तर स्वयंसेवेच्या तासांवरही पैसे देतात. आपल्यातले कितीतरी जण अशा कंपन्यांत आहेत आणि तो अर्ज कधी भरतच नाहीत.

स्मृतिचिन्ह साधं ठेवा. निवडून आलेल्या किंवा सरकारी पदावरच्या व्यक्तीला देताना कॅलिफोर्नियात नाव कोरलेलं आणि २५० डॉलरपेक्षा कमी किमतीचं स्मृतिचिन्ह भेट म्हणून मोजलं जात नाही. महागडी वस्तू दिलीत तर त्यांनाच अडचण होईल. आमच्याकडे मुलांनी वर्कशॉपमध्ये लाकडी पाट्या कापल्या आणि लेझरने नावं कोरली. विकतच्या काचेच्या ट्रॉफीपेक्षा त्या पाट्या लोकांनी जास्त जपल्या.

पाचवी पायरी: मानपत्र

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. बाकी सगळं फसलं आणि मानपत्र चांगलं झालं, तरी माणूस घरी भरल्या मनाने जातो.

मानपत्र ही आपली जुनी आणि सुंदर पद्धत आहे. अमेरिकेत सत्काराच्या वेळी बहुतेकदा प्रमाणपत्र हातात दिलं जातं, फोटो निघतो आणि पुढचं नाव पुकारलं जातं. आपण तिथे मानपत्राची पद्धत आणू शकतो: माणसाला समोर बसवून, त्याने काय केलं हे सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवायचं.

मानपत्र मोठ्यांनी लिहू नये, विद्यार्थ्यांनी लिहावं. एका सत्कारमूर्तीमागे दोन विद्यार्थी द्या. त्यांनी त्या व्यक्तीच्या कामाच्या जागी जाऊन अर्धा तास बसायचं. प्रश्न साधे असावेत: हे काम पहिल्यांदा कधी केलंत? त्या दिवशी काय घडलं होतं? कधी सोडून द्यावंसं वाटलं का? त्यानंतर ज्यांना मदत मिळाली अशा दोघा-तिघांशी बोलायचं. मग दीडशे शब्द लिहायचे, त्याहून जास्त नाहीत. इंग्रजीच्या शिक्षकांना विचारा. आमच्या शिक्षिकेने हे लिखाण वर्गातलं काम म्हणूनच दिलं, त्यामुळे मुलांनी ते चार वेळा सुधारलं.

मुलांना मी एकच कसोटी देते. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या मानपत्रात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर खोडा. "शिक्षणक्षेत्रातील आपले अमूल्य योगदान आणि निःस्वार्थ सेवा" हे कोणालाही चिकटतं, म्हणून ते कोणाचंच नाही. लॉन्ड्रीतल्या बाईंसाठी मुलांनी लिहिलं ते मराठीत असं होईल:

"गेली सात वर्षं शाळेच्या प्रत्येक दिवशी साडेतीनपासून सहापर्यंत तुमच्या टेबलाचं एक टोक आमचं आहे. आम्ही तिथे बीजगणित केलं, तिथेच कॉलेजचे अर्ज भरले. पाऊस पडला की तुम्ही आमचे ओले मोजे ड्रायरमध्ये टाकायचात आणि नाणी परत आमच्या हातात द्यायचात. ज्या संध्याकाळी कोणाची आई उशिरा यायची, त्या संध्याकाळी तुम्ही दुकान बंद न करता थांबलात. आमच्यापैकी एकोणीस जणांनी त्या टेबलावर बसून हायस्कूल पूर्ण केलं. ते टेबल कोणत्याच नकाशात शाळेचा भाग नाही. आमच्यासाठी ते आहे."

यात एकही मोठं विशेषण नाही. मोजे आहेत, नाणी आहेत, एकोणीस हा आकडा आहे, आणि तो आकडा मुलांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून मोजून आणला होता.

मजकूर पक्का करण्याआधी सत्कारमूर्तीला दाखवा. वर्ष चुकलेलं असतं, एखादी गोष्ट त्यांना उघड नको असते. आणि मदत घेतलेल्या मुलांचं खासगीपण जपा. घरची गरिबी, व्हिसाची किंवा कागदपत्रांची स्थिती, आजार, विशेष शिक्षणाची गरज यांतलं काहीही व्यासपीठावरून येता कामा नये, त्या मुलाने स्वतः हो म्हटलं तरीही. सोळाव्या वर्षी दिलेला होकार विसाव्या वर्षी डाचू शकतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ पासून फर्पा या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. त्याची एक यादी ऑफिसात असते: ज्यांच्या पालकांनी नाव आणि फोटो देण्याला नकार कळवला आहे त्यांची. फोटो काढणाऱ्याच्या हातात ती यादी असायलाच हवी.

सत्कारमूर्तीची मायबोली इंग्रजी नसेल तर छापील मानपत्राच्या दुसऱ्या बाजूला त्यांच्या भाषेतला मजकूर द्या. भाषांतर यंत्रावर सोडू नका, शाळेतल्या त्या भाषेच्या पालकांकडून तपासून घ्या. लॉन्ड्रीतल्या बाईंनी मागची, व्हिएतनामी बाजू आधी वाचली.

सहावी पायरी: सरकारी प्रमाणपत्रं

राज्याचे आमदार, सिनेटर, काउंटी सुपरवायझर, शहराचे महापौर, काँग्रेसचे प्रतिनिधी यांच्या ऑफिसांकडून सत्कारमूर्तींच्या नावाची गौरव प्रमाणपत्रं मागता येतात. त्याला सहसा पैसे पडत नाहीत. पाच-सहा आठवडे आधी लिहा, नावाचं स्पेलिंग आणि दोन ओळींचा मजकूर तुम्हीच तयार करून पाठवा. मागायची तर सगळ्या सत्कारमूर्तींसाठी सारखी मागा. ऑफिसातून प्रतिनिधी येणार असेल तर त्याला एक मिनिट दिलं आहे, हे आधी सांगा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष संध्याकाळ

एक तास दहा मिनिटं. सव्वासहाला जेवण, सातला सुरुवात, सव्वाआठपर्यंत सगळं आटोपलेलं. लहान भावंडांसाठी शेजारच्या खोलीत दोन मोठी मुलं खेळ घेऊन बसवा, नाहीतर ज्या आयांनी यायला हवं त्याच येणार नाहीत.

आपल्याकडच्या समारंभाचा साचा डोक्यातून काढणं मला जड गेलं: व्यासपीठावर नऊ खुर्च्या, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, अध्यक्षीय समारोप. यातलं काय ठेवायचं? दीपप्रज्वलन आणि सरस्वतीवंदना सोडा. चार्टर शाळा सार्वजनिक आहे आणि सार्वजनिक शाळेने स्वतःच्या समारंभात धार्मिक विधी किंवा प्रार्थना करायची नसते. पदवीदान समारंभातल्या प्रार्थनेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९२ सालीच तसा निकाल दिला आहे. आपल्याला समई म्हणजे फक्त संस्कृती वाटते, पण समोर बसलेल्या ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू किंवा कोणताही धर्म न मानणाऱ्या पालकांना तसं वाटेलच असं नाही. आणि सभागृहात उघड्या ज्योतीला परवानगी मिळणंही अवघड.

शाल मात्र मी ठेवली, आपल्या पद्धतीने पण त्यांच्या रंगांत. मुलांनी शाळेच्या निळ्या-पिवळ्या लोकरीचे स्टोल विणले. ते खांद्यावर घालायला मुलंच गेली. नारळाऐवजी शाळेच्या बागेतलं लिंबाचं रोप दिलं. माणसाच्या खांद्यावर कोणीतरी दोन्ही हातांनी वस्त्र घालतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. तो क्षण सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

व्यासपीठावर खुर्च्या मांडू नका. सत्कारमूर्ती कुटुंबासह पहिल्या रांगेत बसू देत. सूत्रसंचालन दोन विद्यार्थ्यांकडे. मुख्याध्यापकांचं स्वागत तीन मिनिटं, लिहून आणलेलं. मग प्रत्येक सत्काराला दहा-बारा मिनिटं: विद्यार्थी मानपत्र वाचेल, स्टोल, पाटी, फोटो, आणि बोलायचं असेल तर सत्कारमूर्तीचे दोन शब्द. दोन सत्कारांच्या मध्ये मुलांचं एखादं गाणं किंवा रोबोटिक्सचं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक. ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांच्यासाठी दुभाषी हवा. डिस्ट्रिक्टकडे किंवा काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडे हेडसेट उसने मिळतात का ते विचारा.

जेवणावर पाट्या लावा: शाकाहारी, हलाल, शेंगदाणा आहे, दूध आहे. आपल्या पदार्थांत दाण्याचं कूट कुठे-कुठे असतं ते इतरांना कळत नाही, म्हणून आपल्या डब्यांवर आधी लिहा. शाळेच्या आवारात दारू चालत नाही, हे बाहेरच्या पाहुण्यांना आमंत्रणातच कळवा.

आणि देणगीचं आवाहन त्या संध्याकाळी करू नका. माणसाला बोलावून मान दिला आणि त्याच तासात पाकीट पुढे केलं, तर मान कशासाठी होता ते सगळ्यांना कळतं. देणगी मागायला वर्षाचे बाकीचे दिवस आहेत.

नंतरचं काम

आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्र आणि छापलेला फोटो पोचवा, शक्यतो मुलांनी स्वतः जाऊन. स्थानिक साप्ताहिकाला चार परिच्छेदांची बातमी पाठवा. जूनमधल्या पदवीदानाचं आमंत्रण सत्कारमूर्तींना द्या आणि खुर्च्या राखून ठेवा. तीन वर्षांत एकानेही ते नाकारलं नाही.

मानपत्रांची एक प्रत शाळेच्या फाइलमध्ये ठेवा. सनदेच्या नूतनीकरणाची सुनावणी येते तेव्हा शाळेला समाजाचा आधार आहे का, हा प्रश्न पुढे येतो. तेव्हा जे स्वखुशीने बोलायला तयार असतील त्यांना विचारा. सत्कार केला म्हणून साक्ष द्यायलाच हवी, असं कोणाला वाटू देऊ नका.

आता पुढच्या वर्षाची तयारी. फ्रंट ऑफिसच्या खिडकीत आम्ही एक साधी रेघांची वही दोरीने बांधून ठेवली आहे. कोणी काही केलं की तारीख घालून एक ओळ लिहायची. शिक्षक लिहितात, मुलं लिहितात, कधी डिलिव्हरीवालाही लिहून जातो. या ऑगस्टमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यातली पहिली नोंद नववीतल्या मुलीच्या अक्षरात आहे: "लायब्ररीतल्या काकांनी माझा बसपास सापडेपर्यंत माझ्याबरोबर शोधला. दीड तास."